असं करत नाहीत

"तिन्हीसांजेला केर काढत नाहीत."

या वाक्यात कर्ता नाही. क्रियापद अनेकवचनी आहे, म्हणजे न काढणारे पुष्कळ आहेत. पण ते कोण, कुठले, कधीपासून काढत नाहीत, याचा पत्ता नाही. आई 'मी काढत नाही' असं म्हणत नाही. 'तू काढू नकोस' हेही नंतर येतं, आवाज चढला तर. आधी येतं ते हे बिनकर्त्याचं वाक्य. उंबऱ्यावर बसत नाहीत. रिकामी कात्री वाजवत नाहीत. मीठ हातावर देत नाहीत. निघताना 'जातो' म्हणत नाहीत. मराठी घरात वाढलेल्या कुणालाही कागद-पेन्सिल देऊन बसवलं तर अशी शंभरेक वाक्यं तासाभरात निघतील, आणि त्यातलं एकही त्याला कुणी समोर बसवून शिकवलेलं नसेल.

संस्कृती म्हणजे काय याला भारदस्त उत्तरं आहेत. एडवर्ड टायलर या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी अशी यादी करून शेवटी म्हटलं की समाजाचा घटक म्हणून माणूस जे जे मिळवतो ते सगळं यात आलं. यादीपेक्षा ते 'मिळवतो' मोलाचं. रक्तातून काही येत नाही, कुणाकडून तरी घ्यावं लागतं. आपला 'संस्कृती' हा शब्दही असाच हातोहात फिरलेला आहे. बंगालीत कल्चरला 'कृष्टी' म्हणत, आणि शेतीचा वास असलेला तो शब्द रवींद्रनाथांना पटत नसे. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चट्टोपाध्याय पॅरिसमध्ये असताना एका मराठी मित्राच्या बोलण्यात त्यांना 'संस्कृती' सापडला, आणि तो बंगालीत गेला. कुणाच्या तरी बोलण्यातून उचललेला शब्द. उचलला तेव्हा देणाऱ्याला आपण काही दिलं याची जाणीवही नसेल.

'करत नाहीत' या वाक्याची एक खोड आहे. ते आधी येत नाही, चूक झाली की येतं. मूल डाव्या हाताने प्रसाद घ्यायला जातं तेव्हा कुणीतरी त्याचा डावा हात खाली दाबतं आणि उजवा पुढे करतं. बोलणं एका शब्दाचं: 'उजवा'. एवढ्यावर मूल समजतं की डावा हात वाईट. मग तेच मूल पंगतीत बसतं, उजवा हात आमटीत माखलेला असताना त्याच हाताने भाजीचा डाव उचलतं आणि पुन्हा ऐकतं: 'अरे, उष्टा हात! डाव्याने घे.' आता डावा चांगला. दोन्ही नियम एका ओळीत लिहून दिले तर ते एकमेकांविरुद्ध वाटतील. देताघेताना उजवा, पण जेवणाच्या मध्यात वाढून घ्यायला डावा, कारण उजवा तोंडाला लागलेला आहे. हे 'कारण' कुणी सांगत नाही. दोन बाजूंनी दोन टोले बसतात आणि मधली वाट मूल स्वतःच काढतं. 'उष्टं' ही कल्पना अशी, तिची व्याख्या न ऐकता, चारपाच वर्षांच्या मुलाच्या हातात पक्की बसलेली असते. परप्रांतातल्या मोठ्या माणसाला ती तोंडी समजावून सांगायला बसा, अर्धा तास जातो आणि तरी तो बाटलीला तोंड लावून ती पुढे करतो.

शब्दांचंही तसंच. दिवा विझवत नाहीत, मालवतात किंवा वाढवतात. देवापुढचा नारळ फोडत नाहीत, वाढवतात. रात्री दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. जे संपतंय त्याला वाढतंय म्हणायचं, ही सगळी एकाच मनाची चाल आहे. पण ती चाल म्हणून कुणी शिकत नाही. मूल 'दिवा विझला' म्हणतं, आजी 'मालवला म्हण' म्हणते, संपलं. नात्यांचे शब्द तर त्याहून मुरलेले. पूर्वी सून सासूला आत्याबाई आणि सासऱ्यांना मामंजी म्हणायची. मामाची मुलगी करून घेण्याची रीत महाराष्ट्रातल्या अनेक जातींत आहे, आणि अशा लग्नात मुलीची सासू खरोखरच तिची सख्खी आत्या असते. उत्तर भारतात हेच नातं बहिणीचं, तिथे असं लग्न 'करत नाहीत'. इरावती कर्व्यांनी भारतातल्या नात्यागोत्यांचा अभ्यास करताना महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या सांध्यावर ठेवलं ते यामुळेच. लग्नाची ती रीत ज्या घरांत कधीच नव्हती तिथेही सुना आत्याबाई म्हणत राहिल्या. शब्द घेतला, त्याच्या पोटातली रीत पाहिलीच नाही.

आता पान वाढण्याकडे येऊ. 'वाढणे' हेच क्रियापद इथेही आहे, हे जाता जाता.

केळीचं पान मांडताना त्याचा निमुळता शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. आधी पानावर पाणी शिंपडून पुसायचं. मीठ सर्वांत आधी, वरच्या कडेला मधोमध. मिठाच्या डाव्या बाजूला लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर; उजव्या बाजूला भाज्या, उसळ, आणि पातळ पदार्थांचे द्रोण किंवा वाट्या. मध्यभागी, जेवणाऱ्याच्या जवळ, भाताची मूद, तिच्यावर वरण, आणि सगळ्यांच्या शेवटी तूप. गोडाची नेमकी जागा घराघरांत बदलते, त्यावर भांडण्यात अर्थ नाही. डावं-उजवं मात्र भांडण्याजोगं आहे, कारण त्यामागे हिशेब आहे. डावीकडचं तोंडी लावायचं, थोडं खायचं. तिथपर्यंत उजवा हात आडवा न्यावा लागतो. उजवीकडचं पोटभर खायचं, ते हाताशी. डावी बाजू चवीची आणि उजवी भुकेची.

नवीन वाढप्याचं कुठे चुकतं, हे पंगत पाहिलेल्याला लगेच दिसतं. तो भातापासून सुरुवात करतो. चाळीस पानांची पंगत असेल तर शेवटच्या पानापर्यंत पोचेतो पहिल्या पानावरचा भात गार. जाणता वाढपी गार पदार्थ आधी उरकतो, मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाज्या. भात-वरण अगदी शेवटी, दोघा-तिघांनी मागोमाग, आणि तूपवाला सर्वांत मागे. तूप हे खूण आहे. तूप पडलं की 'वदनी कवळ' सुरू होतं आणि हात पानाकडे जातात. दुसरी चूक अळूच्या भाजीची: ती थेट पानावर टाकली की उतारावरून वाहत मांडीवर येते. तिला द्रोण हवा, नाहीतर भाताचा बांध. तिसरी चूक वाढायचा डाव पानाला टेकवण्याची. टेकला की सगळं भांडं उष्टं, आणि पंगतीतली एखादी आजी ते पाहिल्याशिवाय राहत नाही.

आग्रहाचं व्याकरण याहून अवघड. पहिलं 'नको' हे नको नसतं. दुसऱ्यालाही वाढप्याने थांबायचं नसतं. खरं नको पानावर दोन्ही हात आडवे धरून म्हणतात, आणि त्यातही बोटं किती फाकलेली आहेत ते पाहावं लागतं. जिलबीच्या वेळी फटी मोठ्या असतात. हे वाचून कुणाला येणार नाही. पंधरा-वीस पंगती वाढल्या की डोळ्यांना दिसायला लागतं. अर्थात ही झाली एका ठरावीक वर्तुळातली पंगत, पुण्या-कोकणातल्या पांढरपेशा घरांची. कोल्हापूरच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या पंगतीचं, आगरी हळदीच्या जेवणाचं गणित निराळं आहे, आणि तिथेही नवखा माणूस तितकाच उघडा पडतो.

शिकण्याची रीत सगळ्यांत स्वच्छ दिसते ती उकडीच्या मोदकात. म्हणून इथे जरा बैठक मारू.

प्रमाण सोपं आहे. दोन वाट्या तांदळाची पिठी, दोन वाट्या पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप किंवा लोणी. सारणाला ओल्या नारळाचा चव दोन ते अडीच वाट्या आणि त्याच्या निम्मा चिरलेला गूळ, वेलची, वाटलं तर भाजलेली खसखस. यात मध्यम आकाराचे वीसेक मोदक होतात; हात सढळ असेल तर सतरावरच पीठ संपतं आणि नैवेद्याच्या एकविसाची पंचाईत होते. पिठीसाठी आंबेमोहोरासारखा जुना, सुवासिक तांदूळ धुऊन, सावलीत फडक्यावर वाळवून, अगदी बारीक दळायचा. नव्या तांदळाची उकड चिकट होते. फार दिवस पडलेल्या पिठीची चिरते.

सारण आधी. नारळ आणि गूळ मंद आचेवर एकत्र करायचे. गूळ विरघळतो, मिश्रण सैल होतं, मग पुन्हा आळायला लागतं. कडा सोडून मधे यायला लागलं की उतरवायचं. थोडं आधी उतरवलं तर सारण ओलं राहतं आणि मोदकाची पारी आतून भिजून फुटते. थोडं उशिरा उतरवलं तर गुळाचा पाक होतो आणि थंड झाल्यावर मोदकात खडा लागतो. ही 'थोडं'ची जागा मिनिटभराची आहे.

मग उकड. पाण्याला खळखळून उकळी आली की मीठ-तूप घालून आच कमी करायची, पिठी एकदम ओतायची, उलथन्याच्या दांड्याने भराभर ढवळायचं, झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं वाफ काढायची, आणि आच बंद करून पाचेक मिनिटं तशीच ठेवायची. निम्मी उकड परातीत घ्यायची, उरलेली झाकलेलीच. हात सोसेल तितकी गरम असतानाच पाण्याचा आणि तेलाचा हात लावत मळायची. बहुतेक मोदक इथेच बिघडतात, आणि दोष मात्र पुढे कळ्यांना दिला जातो. कमी मळलेली उकड दिसायला ठीक दिसते. लिंबाएवढा गोळा घेऊन दाबला आणि कडेला भेगा पडल्या, की समजावं अजून मळायला हवी.

पारी करताना अंगठे आत, बाकीची बोटं बाहेर, आणि गोळा फिरता. कडा पातळ व्हायला हव्यात, तळ जरा जाड. नवशिक्या नेमकं उलटं करतो: अंगठा मधोमध दाबत राहतो, तळ कागदासारखा होतो, कडा जाड राहतात, आणि पुढे सगळ्या कडा वर एकत्र आल्या की मोदकाच्या डोक्यावर पिठाचा गड्डा. कळ्या अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीने, खालून वर, बोटभर अंतराने. वरूनच चिमटे काढले तर कळी नुसती टोकाला दिसते आणि पोट सपाट राहतं. सारण भरून सगळ्या कळ्या हलक्या हाताने फिरवत वर जुळवायच्या, टोकाला उरलेली उकड खुडून टाकायची. मोदकपात्रात पाणी आधी उकळलेलं हवं. चाळणीत केळीचं किंवा हळदीचं पान, प्रत्येक मोदक पाण्यात बुडवून ठेवायचा, दहा-बारा मिनिटं वाफ. पाण्यात न बुडवलेला मोदक वर चिरतो. झाल्यावर लगेच उचलायला गेलात तर बूड पानालाच राहतं.

एवढं लिहिलेलं वाचून मोदक येतो का? येत नाही. आणि त्यात लिहिणाऱ्याचा दोष नाही.

मोदकाच्या घरात मुलांना थेट मोदक करायला कुणी देत नाही. आधी मिळतं ते खवलेल्या नारळाच्या वाटीला हात लावायचं काम: पांढरं तेवढंच आलंय का, करवंटीकडचं काळं तर मिसळलं नाही ना. मग वेलची सोलणं. मग गोळे करणं, एकसारखे. उकड उरली की तिच्यात जिरं, हिरवी मिरची, मीठ घालून त्याच्या निवगऱ्या थापायला मुलांना देतात. निवगरी वाकडी झाली तरी वाफवून तेल किंवा तूप घालून खाल्ली जाते. तिचा नैवेद्य नसतो, त्यामुळे चुकायला मोकळीक असते. पण तीच उकड, तोच तेलपाण्याचा हात. पोरगं निवगऱ्या थापता थापता उकडीचा मऊपणा बोटांत साठवत असतं आणि त्याला वाटतं आपण खेळतोय. पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या वर्षी पारीची पाळी येते. तोंड बंद करणं अगदी शेवटी. पहिले काही मोदक शिकाऊ हाताचे असतील तर ते चाळणीत मागच्या रांगेत जातात, पुढच्या रांगेत आजीचे.

या सगळ्यात शिकवणारीची भाषा ऐकण्यासारखी असते. 'असं.' 'असं नाही, असं.' 'हं.' 'अजून.' 'बास.' ज्या शब्दावर सगळी विद्या तोललेली आहे तो 'असं' हा शब्द हाताशिवाय निरर्थक आहे. फोनवर सांगा, काही कळणार नाही. यूट्यूबवरच्या व्हिडिओत कळ्या जवळून, संथ गतीने, दोन-दोन कॅमेऱ्यांतून दिसतात, आणि अनेकांचे मोदक त्यावर सुधारले आहेत हे खरंच. पण व्हिडिओ तुमच्या हातातली पारी काढून घेत नाही, तळ चाचपून 'इथे पातळ झाली' म्हणत नाही. चूक दिसायला दुसऱ्याची बोटं लागतात. साच्याने हा प्रश्न सोडवला, कळ्या सगळ्या सारख्या येतात. फक्त कुठला मोदक कुणाचा हे मग ओळखू येत नाही. हाताच्या मोदकांत घरातली माणसं ते ओळखतात, आणि त्यावरून चेष्टाही करतात.

आरतीचं शिकणं याच्या उलट टोकाचं. तिथे कुणी दुरुस्त करतच नाही. मूल टाळ्यांच्या गजरात, मोठ्यांच्या आवाजावर आवाज चढवत शब्द गिळत शिकतं. 'फणिवरबंधना' म्हणजे नागाचा कमरपट्टा बांधलेला. पिढ्यान्‌पिढ्या पोरं 'फळीवर वंदना' म्हणत आली, आणि फळीवर गणपती असतोच त्यामुळे अर्थही लागतो. 'संकटी पावावे'चं 'संकष्टी पावावे' तर मोठी माणसंही म्हणतात. पण कुठे आवाज लांबवायचा, कुठे टाळी दुप्पट करायची, कापूर फिरताना हात कसे धरून डोळ्यांना लावायचे, यात चूक नाही. अक्षर चुकलं तरी लय बरोबर.

इथवर सगळं गोड आहे. पण 'करत नाहीत' हे वाक्य उंबऱ्यावर बसण्याइतकंच सहज माणसांबद्दलही बोलतं. त्यांच्याकडे पाणी पीत नाहीत. त्यांचा कप वेगळा ठेवतात. त्यांना ओट्यावर घेत नाहीत. हेही कुणी समोर बसवून शिकवलं नाही. मुलाने पाहिलं की एका माणसाला पाणी वरून ओततात आणि दुसऱ्याला पेला देतात, आणि पेला द्यायला गेलं तर कुणीतरी त्याचा हात मागे ओढला. मोदकाइतकीच हातानेच शिकवलेली ही विद्या. म्हणून ती कायद्याने जात नाही.

महाडचा दाखला घ्या. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला. महाड नगरपालिकेनेही आपलं चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागद झाले. तळ्यावर कुणी गेलं नाही, कारण तिथे 'भरत नाहीत'. २० मार्च १९२७ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्यायलं. त्यावर सवर्णांनी १०८ घागरींमधून दूध, दही, शेण, गोमूत्र ओतून तळं 'शुद्ध' केलं. तळ्याचा वाद कोर्टात गेला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला मार्च १९३७ उजाडला. ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षं, एका ओंजळीला.

१९२७च्याच डिसेंबरमध्ये महाडला दुसरी परिषद झाली तेव्हाची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितलं की गुडघ्याच्या वर लुगडं नेसण्याची तुमची पद्धत आणि गळ्याहातातले ते कथलाचे दागिने हीच तुमची जात ओळखण्याची खूण झाली आहे. ती सोडा, लुगडं घोट्यापर्यंत नेसा. दुसऱ्या दिवशी अनेक बायका तसं नेसून आल्या. नऊवारी नेसणं म्हणजे निऱ्या, कासोटा, ओचा. ज्या उंचीवर आयुष्यभर नेसली ती उंची बदलायची तर सगळ्या निऱ्यांचं माप बदलतं. भाषण ऐकून ते येत नाही. महाडमधल्याच काही बायकांनी त्यांना नेसायला मदत केली. तिथेही कुणीतरी निऱ्या हातात घेऊन 'असं' म्हणालं असणार.

आणि हेरवाड. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हे गाव. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव तिथल्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये केला, आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. बांगडीला 'वाढली' म्हणणारी गोड भाषा आणि त्या दगडावर फोडणारे हात एकाच घरातले असतात, हे इथे लक्षात येतं. ठरावाने सगळं होणार नाही. हळदीकुंकवाच्या दिवशी दारात उभ्या राहिलेल्या विधवेला आत बोलावून, तिच्या कपाळाला आधी हळद मग कुंकू लावणारी पहिली बाई कोण, यावर पुढचं सगळं ठरतं. तिच्यामागे उभ्या असलेल्या मुली तेवढंच बघणार. पण ठरावात एक गोष्ट घडली. बिनकर्त्याच्या वाक्याला पहिल्यांदा कर्ता मिळाला, आणि तोही सही-शिक्क्यासह: हेरवाड गाव हे करत नाही.

देश सोडला की हे वाक्य वेगळ्याच तऱ्हेने बदलतं. उत्तर अमेरिकेत महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळा भरतात, मुलं शनिवार-रविवारी बाराखडी गिरवतात. तिथल्या घरांत 'करत नाहीत' म्हणून भागत नाही, कारण मुलाला खिडकीतून दिसतं की शेजारी करतात. मग 'आपल्यात असं करत नाहीत' होतं. 'आपल्यात' आलं की मूल विचारतं, का? आणि घरच्यांकडे उत्तर नसतं, कारण त्यांनीही कधी विचारलेलं नसतं. तेव्हा उत्तरं तयार केली जातात. हळद जंतुनाशक म्हणून, तुळस प्राणवायू देते म्हणून, रात्री केर काढला तर अंधारात दागिना जाईल म्हणून. शेवटच्यात निदान तथ्य आहे, दिव्याच्या उजेडात मोती खरंच गेले असतील. बाकीची बरीचशी मागाहून चिकटवलेली लेबलं. ती चिकटवण्यापेक्षा 'माझी आई करायची नाही' एवढं सांगितलेलं मुलाला जास्त पटतं, असं मला वाटतं. आणि ते खरंही असतं.

कारण विसरूनही रीत किती काळ टिकते याचं उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. अलिबाग-पेणच्या पट्ट्यात शतकानुशतकं तेल गाळणारी काही कुटुंबं होती. मराठी बोलायची, लुगडी नेसायची, गावावरून आडनावं लावायची: पेणचे पेणकर, नवगावचे नवगावकर. शेजारपाजारचे त्यांना 'शनवार तेली' म्हणायचे, कारण शनिवारी ते घाणा चालवत नसत. का चालवत नाहीत? चालवत नाहीत. हिब्रू भाषा ते पार विसरले होते, ग्रंथ हाताशी नव्हते. मुलाची सुंता आठव्या दिवशी करत, 'शमा' ही प्रार्थना तेवढी तोंडात राहिली होती, आणि काही मासे खात नसत. हे बेने इस्रायल, कोकणातले ज्यू.

त्यांच्या परंपरेत सांगतात की डेव्हिड रहाबी नावाचा जाणकार ज्यू कोकणात आला तेव्हा त्याला या लोकांची शंका आली. ज्यू धर्मनियमात पर आणि खवले असलेलेच मासे चालतात. कोलंबी, खेकडे, मोरी, शिंगाळा चालत नाहीत. आणि ही तर कोकणची किनारपट्टी, जिथे कोलंबीशिवाय सणवार सुना. त्याने बायकांपुढे सगळ्या जातीचे मासे मिसळून टाकले आणि रांधायला सांगितलं. बायकांनी टोपली पुढे ओढली, खवल्यांचे मासे एकीकडे घेतले, बाकीचे न बोलता बाजूला सारले. त्याने विचारलं, हे का काढलेत?

"हे आमच्यात खात नाहीत."